सातावरची दुर्बीण

चंदर घुडेला वाकडं म्हणून काही सहन होत नसे. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं, की तो हातातला घास ताटात ठेवून उठायचा. शहापूरच्या एका पतपेढीत तो हेडक्लार्क होता आणि तिथली मंडळी गंमत म्हणून मुद्दाम तिरके शिक्के मारत. अशा माणसानं बंदुकीला दुर्बीण बसवायचीच नाही. पण चंदरनं बसवली.

कारण तसंच होतं. सिद्धगडच्या पायथ्याशी असलेल्या त्याच्या गावात दसऱ्याला शस्त्रपूजा झाली, की आंब्याला हळदीच्या पाण्याचं मडकं टांगत. ते छऱ्याच्या बंदुकीनं फोडायचा मान घुडेंच्या घराचा. घराला दोन छर्रे मिळत. दोन्ही फुकट गेले, तर मान शेजारच्या धाऊ भोईरकडे जाणार. गेल्या वर्षी चंदरचा दुसरा छर्रा कसाबसा मडक्याच्या काठाला लागला होता. तेव्हापासून धाऊ त्याच्या चष्म्याची चौकशी फार प्रेमानं करी.

चंदरनं कल्याणहून नवी कोरी दुर्बीण आणली. परसात खोका ठेवला आणि दुर्बिणीवरची आकड्यांची चकती फिरवत फिरवत नेम बसवला. छर्रे बरोबर मधोमध लागू लागले. मग त्यानं चकतीकडे पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"गोदू, हे बघ! शून्य रेघेसमोर नाय. सात हाय!"

"पण नेम लागतोय ना?" बायकोनं विचारलं.

"लागतोय गो, पण सातावर लागतोय!"

त्यानं चकती फिरवून शून्य रेघेसमोर आणलं आणि समाधानानं हात झटकले. पुढचा छर्रा धाऊच्या पत्र्यावर वाजला. पुन्हा नेम बसवला, पुन्हा सात आले, पुन्हा शून्य केलं, पुन्हा पत्रा. शेवटी धाऊ कुंपणाशी आला.

"चंदर, पत्र्यावर नेम झकास हाय रे तुझा! मडकं तिथंच टांगू का?"

चंदर तणतणत एसटीडी बूथवर गेला. बूथचं दार बंद असूनही कल्याणच्या दुकानदाराशी फोनवर चाललेलं त्याचं बोलणं बाहेर उभ्या गोदूला आणि अर्ध्या गावाला नीट ऐकू येत होतं.

"काय? बारका स्क्रू ढिला करून नुसती वरची आकड्यांची कडी शून्यावर आणायची? नेम तसाच ऱ्हातो? नव्या मालाला पेचकस लावू? येडा वाटलो काय तुमाला?... नायतर? नायतर सातावरच ठेवायचं?"

तो सुतकी चेहऱ्यानं बाहेर आला. सातावर तर सातावर. आता हात लावणार नाही, अशी त्यानं कुलदैवताची शपथ घेतली. पण शपथ घेतल्यापासून त्याला जेवण गोड लागेना. दर घासाला तो दुर्बिणीकडे बघायचा आणि उसासा टाकायचा. गोदूला त्याची दया आली. दसऱ्याच्या सकाळी तो आपट्याची पानं आणायला गेला, तेव्हा तिनं शिलाई मशीनचा पेचकस काढला, स्क्रू ढिला केला, वरची कडी तेवढी शून्यावर आणली आणि स्क्रू पुन्हा घट्ट केला. खात्रीसाठी एक छर्राही मारून पाहिला. पत्रा वाजला नाही.

संध्याकाळी आंब्याखाली सगळा गाव जमला. चंदरनं ऐटीत बंदूक उचलली आणि तो दचकला. शून्य बरोब्बर रेघेसमोर होतं.

"कुणी फिरवलं हे?"

"अवो, ऐका, मी सकाळी..."

"गप गो! गाव बघतोय." चंदरच्या तोंडावर विजयी हसू आलं. या खेपेला तो फसणार नव्हता. त्यानं चकती मोजून सातावर आणली, श्वास रोखला आणि बार काढला.

मडकं जागचं हललंसुद्धा नाही. छर्रा कुठे गेला, ते सिद्धगडच्या जंगलालाच ठाऊक.

"पत्रा आणू का रे?" धाऊ ओरडला आणि गाव खदखदून हसला. चंदर दुसरा छर्रा हातात घेऊन शून्य की सात, याचाच हिशेब करत बसला.

गोदूनं पदर खोचला. "मान घराचा हाय का मिशीचा?"

"घराचा गो, घराचा!" गावातली सगळ्यात म्हातारी येसूबाई बोळक्या तोंडानं म्हणाली.

गोदूनं बंदूक घेतली, छर्रा भरला, चकती शून्यावर आणली आणि नेम धरला. मडक्याला पिवळीधमक धार लागली.

तेव्हापासून घुडेंचा बार गोदूच काढते. मडकं टांगायचं काम चंदरकडे आहे. तो ओळंबा लावून ते अगदी सरळ टांगतो, आणि शिडीवरून उतरला, की धाऊ मान तिरकी करून म्हणतो, "जरा वाकडं वाटतंय रे."

चंदर पुन्हा शिडी चढतो.