बेटावरील मशिदीच्या किल्लीची हकीकत

समुद्रास नमन करून, आणि खोटे लिहिल्यास दौतीतली शाई वाळो ऐसी भाक देऊन लिहिले जाते ऐसे की, शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरी, चैत्रमासी एके बेटाचे राज्यात हुजुरांचे मनी आले की, मुसलमान मुलखींचे थोर लोक देशोदेशी हिंडतात, परंतु जेथे हलाल अन्न आणि निमाजाची सोय तेथेच उतरतात, तरी आपले बेटी तैसी सोय करावी. मग कारभारी भिकाजीपंत यांस आज्ञा जाहली. पंत कामास वाघ. त्यांनी वेगळ्या चुली मांडविल्या आणि मद्य बंद केले आणि वजूस म्हणजे निमाजाआधी हातपाय धुण्यास हौद बांधिले आणि दालनोदालनी काब्याची दिशा दाखविणारे बाण रंगविले. मग किनारा पाहिला, तो तेथे दालदी म्हणजे मुसलमान मच्छीमार यांची वस्ती, आणि जागोजाग बोंबील वाळत घातलेले. पाहुणे नाके मुरडतील म्हणून पंतांनी वस्ती उठवून डोंगरापलीकडे नेली. त्यांची मशीद चुना देऊन पांढरी केली, नवे गालिचे अंथरिले, आणि पाहुणे येईतो डाग पडू नये म्हणून कुलूप घालून किल्ली आपले कमरेस लाविली. मुसलमानांचे स्वागतासाठी मुसलमानच उठविले, हे त्या शहाण्या माणसाचे ध्यानी आले नाही.

मग पुढील रमजानात पहिली नौका आली. हाजी मुनीरुद्दीन म्हणून वृद्ध गृहस्थ तीत मुख्य. पंतांनी आदरे उतरविले आणि सांजेस पाने मांडिली. सूर्य बुडाला, सर्वांचे कान मशिदीकडे, परंतु बांग होईना. हाजींनी घड्याळ पाहून खजूर आणि पाणी घेतले, पानास हात लाविला नाही, आणि पुसिले की, मशीद दिसते, निमाजी कोठे आहेत. पंतांचे तोंडचे पाणी पळाले. ते तैसेच उठून डोंगर चढिले आणि वस्तीचा म्होरक्या दाऊद तांडेल पेज घेत होता तेथे जाऊन बोलिले की, चल, बांग दे, राज्याची लाज राख.

दाऊदने आधी बसावयास चटई दिली. मग म्हणाला, "पंत, बांग पाहुण्यांना ऐकवायला नसते, वस्तीला बोलवायला असते. वस्ती इथं आणि मशीद तिथं. मी तिथून कुणाला हाक मारू?"

पंतांनी सभोवार पाहिले, तो म्हातारीकोतारी उघड्यावर बसलेली, जाळी दगडांवर पडलेली, आणि समुद्र कोठेच दिसेना. मनी फार कष्टी जाहले. कमरेची किल्ली सोडून दाऊदचे हाती ठेविली आणि म्हणाले, "खाली चला सगळे. हुजुरांना मी जबाब देतो."

मग वस्ती भांडीकुंडी घेऊन उतरली आणि दाऊदने दार उघडून इशाची म्हणजे रात्रीच्या निमाजाची बांग दिली आणि हाजी निमाज पढून, दाऊदला शेजारी बसवून जेविले.

येणेप्रमाणे वस्ती परतली, आज्ञेवाचून केले म्हणून पंतांचा कारभार गेला, आणि बेटी पाहुणे अद्याप येतात. बोंबलाचा वास होता तैसाच आहे. किल्ली कोणी परत मागितली नाही.