माळावरचं सोनेरी अस्वल

उजेडाच्या बाबतीत आपल्याला कुणी शिकवू नये, असं एक्सरेभाऊंचं ठाम मत होतं. हॉस्पिटलात बावीस वर्षं एक्सरे काढलेला माणूस तो! "फिल्म उजेडासमोर धरायची आणि आतलं ओळखायचं, हाच आपला धंदा," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. त्यामुळे नवा कॅमेरा घेतल्यावर त्यांनी सोप्या गोष्टी सोडून थेट अवघडालाच हात घातला. रानातल्या जनावरांचे फोटो, आणि तेही सूर्याकडे तोंड करून. सूर्य जनावराच्या मागे, आपण पुढे. मग म्हणे अंगावरचा केस न् केस सोन्यासारखा पेटतो आणि बाकी जनावर काळं राहतं.

"मग जनावर दिसतं कुठं?" बायकोनं विचारलं.

"तीच तर कला आहे."

"बरं. कला झाली की दूध घेऊन या."

पण भाऊंना बायकोला नव्हे, तिच्या वडिलांना दाखवून द्यायचं होतं. आबा दोन गल्ल्या सोडून राहत. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तरी जावयाची ओळख ते एकाच वाक्यात उरकत. "हे आमचे जावई. हाडांचे फोटो काढतात." आणि वर गालातल्या गालात हसत. ते हसू भाऊंना फार लागायचं. एकदा, फक्त एकदा, आबांनी चारचौघांत "वा, जावईबापू" म्हणावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता.

रविवारी उजाडायच्या आत भाऊ टेकडीमागच्या माळावर जाऊन पालथे पडले. बेत सशाचा होता. ससा काही आला नाही, मुंग्या मात्र सहकुटुंब आल्या. सूर्य वर आला, भाऊंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि तेवढ्यात लांबच्या गवतात काहीतरी मोठं हललं. चार पायांचं. रुंद पाठीचं. त्यानं पाठ वर घेतली, खाली घेतली, पुन्हा वर घेतली. अंगभर केस, आणि प्रत्येक केसाला सोन्याची कड!

भाऊंची बोबडी वळली, पण बोट थांबलं नाही. सवयीनं "श्वास रोखा, हलू नका" असं पुटपुटत त्यांनी चाळीस फोटो काढले आणि मग जी धूम ठोकली ती थेट घरापर्यंत. दूध अर्थातच राहिलं.

सोमवारी हाडांच्या डॉक्टरांनी फोटो पाहिला. "अस्वल," ते म्हणाले.

"नक्की ना?"

"मग काय गाय आहे?"

दुपारपर्यंत अख्खं हॉस्पिटल फोटो बघून गेलं. मोठ्या डॉक्टरांनी तो दाराएवढा करून वेटिंग हॉलमध्ये लावायला सांगितला. मंगळवारी तो लागला आणि बुधवारी त्याच्यासमोरच्या बाकावर, पायाला प्लास्टर घातलेले वनखात्याचे एक साहेब येऊन बसले.

"हा कुठं काढलात?" त्यांनी विचारलं.

"आपल्याच माळावर," भाऊ छाती काढून म्हणाले. "चाळीस पावलांवर होतं. मी हललो नाही."

संध्याकाळी माळाला दोरी बांधली गेली. पाटी लागली, पहारा बसला. आबांचा माळावरचा सकाळचा फेरा बंद झाला. एरवी त्यांनी आकाशपाताळ एक केलं असतं, पण त्या दिवशी ते न्हाव्याकडे दाढी करताना म्हणाले, "आमच्या जावयानं टिपलंय हो. एकट्यानं. वाघाचं काळीज लागतं त्याला." न्हाव्यानं हे भाऊंना सांगितलं. भाऊंनी गरज नसताना केस कापून घेतले आणि तेच वाक्य पुन्हा एकदा सांगायला लावलं.

गुरुवारी आबा फोटो बघायला स्वतः आले. सासूबाईंनी विणलेला तपकिरी स्वेटर अंगात होता. त्या लोकरीला इतके केस, की धुवायला टाकला तर बादलीत कुत्रं बसल्यासारखं वाटे. आबा फोटोसमोर उभे राहिले, हात मागे बांधून. भाऊ कौतुकानं त्यांच्याकडे पाठीमागून बघत होते. आणि बघता बघता ते दोन पावलं पुढे सरकले.

आबांचा डावा खांदा बोटभर खाली होता. दोन वर्षांपूर्वी जिन्यात पडले तेव्हा मोडलेला. एक्सरे भाऊंनीच काढलेला. आणि अस्वलाचाही डावा खांदा बोटभर खाली होता.

"आबा," भाऊ हळूच म्हणाले, "माळावर तुम्ही नेमकं काय करता?"

"चालतो."

"फक्त चालता?"

आबांनी इकडेतिकडे बघितलं. "आता तुमच्यापासून काय लपवायचं. इथल्या व्यायामवाल्या बाईंनी कंबरेसाठी सांगितलंय. हातापायांवर ओणवं व्हायचं, पाठ वर, पाठ खाली. घरात केलं की तुमच्या सासूबाई हसतात, म्हणून गवतात करतो."

भाऊंनी ठरवलं, हे आपल्यापाशीच ठेवायचं. कुणाला कळणार होतं? चार दिवसांत दोरी निघाली असती, अस्वल पळालं म्हणून सगळे विसरले असते आणि वाघाचं काळीज भाऊंकडे राहिलं असतं. पण तेवढ्यात कुबड्या टेकत वनखात्याचे साहेब आले.

"उद्या पहाटे आमची माणसं येतायत. बेशुद्धीचं इंजेक्शन मारायची बंदूक मागवली आहे. माळ माहीत असलेला कुणीतरी सोबत हवा."

"मी आहे ना," आबा पुढे झाले. "जावयानं एवढं केलं, मग सासऱ्यानं मागं का राहावं? मी आधी जाऊन गवतात दबा धरून बसतो."

"आबा, थंडी असते," भाऊ घाईनं म्हणाले.

"स्वेटर आहे की."

एकोणीस वर्षांनी मिळालेली शाबासकी एकीकडे आणि सासऱ्यांच्या पाठीत घुसणारं इंजेक्शन दुसरीकडे. भाऊ साहेबांसमोर जाऊन उभे राहिले.

"साहेब, बंदूक नको. अस्वल इथंच आहे."

लंगडत आलेला एक पेशंट हे ऐकून फाटकापर्यंत पळत गेला. भाऊंनी मान खाली घालून आबांकडे बोट केलं. "खांदा बघा. एक्सरे देऊ का आणून?"

आबांनी चष्मा लावला. फोटो बघितला, स्वेटर बघितला, पुन्हा फोटो बघितला. संपलं, भाऊंना वाटलं. आता मरेपर्यंत हाडंच.

आबा साहेबांकडे वळले. "बंदूक माझ्यासाठी मागवली होती?"

"म्हणजे, तसं झालं खरं."

"माणसं किती?"

"आठ."

"आठ," आबा म्हणाले, आणि वर्षभराच्या व्यायामानं झाली नव्हती एवढी त्यांची पाठ ताठ झाली.

माळाची दोरी सुटली, पण फोटो तिथंच राहिला. मोठ्या डॉक्टरांना उजेड आवडला होता. आता आबा रोज दहा वाजता, ऊन असो वा नसो, स्वेटर घालून फोटोखाली बसतात आणि आठ माणसं व एक बंदूक यांची हकीकत सांगतात. आठाची परवा बारा झाली.

त्याच दिवशी एका आजींनी विचारलं, "अहो, पण एवढा सुंदर फोटो काढला कुणी?"

एक्सरेच्या खोलीत भाऊ काम टाकून दाराशी आले आणि श्वास रोखून उभे राहिले.

"काढला असेल इथल्याच कुणीतरी," आबा म्हणाले. "फोटो काय हो, कुणीही काढतो. मुळात अस्वल चांगलं लागतं."