खोकल्याची केस

आमच्या खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीच्या वसाहतीत इंगळे भाऊजींसमोर खोकायची सोय नव्हती. खोकलात की दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर अडुळशाच्या काढ्याची बाटली घेऊन ते दारात हजर. बाटलीवर चिठ्ठी: रुग्ण, तक्रार, बॅच नंबर. फॅक्टरीच्या प्रयोगशाळेत दिवसभर नमुने तपासायचे. घरी आले तरी सवय सुटत नव्हती.

समोर बसून काढा पाजल्याशिवाय ते हलत नसत. पहिल्या घोटाला माझं तोंड वाकडं झालं की त्यांचा चेहरा फुलायचा.

"कडू लागलं ना, वहिनी? तो अल्कलॉइड! श्वासनळ्या मोकळ्या करून राहिला!"

"मग कारलंही अल्कलॉइडच का?" आमच्या ह्यांनी एकदा विचारलं.

"ना भैया! सगळं कडू एकसारखं नसते. भुईनिंबाचं अलग, गुळवेलीचं अलग."

ते अलग-अलग समजावून होईपर्यंत दोनदा चहा झाला.

लढाईचे दिवस होते. खिडक्यांना काळे कागद, फॅक्टरीत जादा काम, आणि माझी कामांची यादी दाराआडच्या खिळ्याला. त्या यादीत 'इंगळे भाऊजी, पाऊण तास' हेही धरावं लागे. म्हणून खोकला थांबताच मी सांगून टाकलं, "बरी झाले, भाऊजी. उद्यापासून काढा नको."

"अच्छा?" त्यांनी वहीत लिहिलं. "चलो, केस बंद." पण उठेनात. "गुडघे दुखतात का? पोट? भैया, तुमची झोप कशी आहे?"

"सगळं ठीक आहे," मी म्हटलं. मग ते गेले.

तिसऱ्या दिवशी रिकाम्या बाटल्या परत द्यायला मी त्यांच्याकडे गेले. भाऊजींनीच दार उघडलं. लढाईच्या भीतीने त्यांची बायको आणि मुलगी अमरावतीला गेल्या आहेत हे मला माहीत होतं. दोन खोल्या इतक्या गप्प असतील, हे माहीत नव्हतं. स्टोव्हवर पातेलं अजून गरम होतं. फळीवर ताजी भरलेली बाटली. चिठ्ठीवर तक्रार लिहिलेली: खोकला. बॅच नंबरही होता. रुग्णाची जागा कोरी.

मी पदर तोंडाशी धरला आणि खोकले. चांगली दोनदा.

"काहून? परत?" भाऊजी लगबगीने पेन शोधू लागले. "बघा वहिनी, आपण केस लवकर बंद केली!"

घरी येऊन यादी दुरुस्त केली. रॉकेल, दळण, काळा कागद. आणि त्याखाली: खोकला, लढाई संपेपर्यंत.