अप्पांची हरकत

नागनाथअप्पांना कुठलीही गोष्ट सात दिवस खरी वाटत नाही. झरी गावच्या न्हाव्यानं कटिंग कशी झाली विचारलं, तर आरशात न बघताच म्हणणार, "सात दिवस जाऊ दे. हरकत न्हाई आली तर चांगली झाली." तरुणपणी मुलगी बघायला गेले, तिथंही सात दिवस मागितले. चौथ्या दिवशी मुलीकडच्यांनी दुसरीकडं सुपारी फोडली. अप्पा एकटेच राहिले.

हैदराबादची सॉफ्टवेअरची नोकरी सोडून ते गावी आले आणि आमच्या बियाणे गटात शिरले. गोदामाचं रजिस्टर माझ्याकडं. अप्पांनी बियाण्याच्या चाचण्यांच्या नोंदी ब्लॉकचेनवर नेल्या, म्हणजे मागाहून कुणालाच खोडता न येणाऱ्या सामाईक वहीत. पण मुख्य साखळीवर जगभरची गर्दी. एकेक नोंद चढवायला ताटकळायचं, वर फी. म्हणून त्यांनी दुसरा थर लावला.

"शंभर जणांनी शंभर अर्ज घेऊन तहसीलला कशाला जायचं?" ते मला समजवायचे. "आकडेमोड इकडंच करायची, गठ्ठा बांधायचा, एकानं जाऊन शिक्का आणायचा."

गठ्ठा बांधायचं काम बाहेरच्या एका कंपनीचं मशीन करायचं. तो खराच धरला जायचा, पण चूक दिसली तर सात दिवसांत कुणीही हरकत घ्यायची आणि आकडेमोड करून दाखवायची. मुदत सरली की नोंद पक्की. आमच्यातलं कुणी कधी तपासत नसे. अप्पा मात्र प्रत्येक गठ्ठा उघडून बघत.

पेरणी तोंडावर होती. सोयाबीनच्या गठ्ठ्याची मुदत दुपारी चारला संपणार, बियाणं न्यायला बाहेर ट्रॅक्टर उभे. गडबडीत अप्पांनी तो गठ्ठा त्या दिवशीच उघडला होता. साडेतीनला त्यांचा हात थांबला. एका लॉटच्या तीन उगवण चाचण्यांची सरासरी कमी भरत होती, गठ्ठ्यात मात्र 'पास'.

"मशीननं तिसरी चाचणी धरलीच न्हाई," ते हळूच म्हणाले.

लॉट त्यांच्या थोरल्या भावानं, महादेवअप्पांनी पिकवलेला. ते दारातच उभे होते.

"नागू, काय करायलायस?"

"हरकत घ्यायलोय, अण्णा."

"आता वीस मिनिटं राहिली. बस गप. गावासमोर माझी इज्जत घालवतोस का?"

"बी उगवलं न्हाई तर लोकं दुसऱ्यांदा काय पेरतील?"

महादेवअप्पा दारातून हलले नाहीत. तेवढ्यात इंटरनेट गेलं. अप्पा लॅपटॉप उचलून भावाच्या बाजूनं तिरपे बाहेर पडले आणि गोदामाच्या स्लॅबवर चढले. मागे मी, नेट जोडायला माझा मोबाईल घेऊन. उन्हात स्क्रीन दिसेना, म्हणून दोघं एकाच उपरण्याखाली शिरलो. खाली लोक हसले. आम्हाला मात्र घाम फुटला होता. ज्या गर्दीला कंटाळून दुसरा थर लावला, हरकत नेमकी मुख्य साखळीवरच्या त्याच गर्दीतून न्यायची होती. पहिला अर्ज अडकला. अप्पांनी फी वाढवली. अजून अडकलेलाच. त्यांनी पुन्हा वाढवली. चारला तीन मिनिटं असताना अर्ज चढला.

फेरतपासणीत 'पास'चा शेरा रद्द झाला, लॉट थांबला. महादेवअप्पा चप्पल घालून निघून गेले. अप्पांना कुणी शाबास म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी मला घरी बोलावलं. दारात त्यांच्या वाट्याच्या बियाण्याची दोन पोती होती.

"अण्णाकडं टाकून ये. त्याला पेरायला बी न्हाई आता. माझं नाव सांगू नको."

"अन् तुमचं रान?"

"राहील औंदा पडीक."

पोती बघून महादेवअप्पांनी कुणाची म्हणून विचारलंच नाही. स्वतः उचलून आत नेली. मी गाडी वळवली, तेव्हा मागून म्हणाले, "त्यानं सकाळी काही खाल्लं का?"

मी परत येऊन तेवढंच सांगितलं. अप्पा एकट्यापुरती भाकरी थापत होते. हात तसाच पिठात राहिला.

"आई गेल्यावर तोच भरवायचा मला," ते म्हणाले, आणि तव्यावरची भाकरी करपेपर्यंत तिच्याकडं बघत राहिले.