मास्तरांच्या वखारीतली क्रेन

“क्रेन निवडायला कितीसा वेळ लागतो? डोळे मिटून निवडीन!” असं मास्तर सकाळी म्हणाले होते. दुपारी चार वाजता मात्र डोळे फाडफाडून बघतानाही त्यांना घाम फुटला होता.

मास्तर म्हणजे शिंपी. जन्मभर जगाची मापं घेतली, मग दुकान लेकीला दिलं आणि मागच्या खोलीत खेळातली आगगाडी मांडली. खोलीभर मेज, मेजावर माळ, माळावर रूळ, रुळांकाठी चार काडेपेट्यांएवढी लाकडाची वखार! पाच वाजता छंद मंडळाचे अध्यक्ष आणि चिटणीस ती बघायला येणार होते. प्रदर्शनात एकच मांडणी घेणार. दोन वर्षं मास्तर हुकले, कारण एकच: ओंडके मालगाडीच्या वाघिणीत चढवायला क्रेन नाही!

आता क्रेन होत्या दोन. एक बगळ्यासारखी, लांब मानेची. दुसरी रुळांवर पाय फाकून उभी राहणारी, चौकटीची.

“बगळा घ्या, भावोजी,” मेहुणा म्हणाला. तो बंदरावर खरी क्रेन चालवायचा.

“मान फिरवताना स्टेशनचं छप्पर उडवील तो! चौकटच बसवणार. वाघिणीचं माप घेतलंय मी.”

“भरलेल्या वाघिणीचं?”

मास्तरांचा चेहरा उसवला. माप घेतलं होतं रिकाम्या पोटी, आणि गाडी आली जेवून! पहिल्याच फेरीत ओंडके चौकटीला धडकले. क्रेन पायांसकट उखडली!

साडेचार.

मास्तरांनी उंची वाढवायला क्रेनच्या पायांखाली चार बटणं ठेवली, झटपट सुकणारा गोंद ओतला आणि उजव्या अंगठ्यानं क्रेन दाबून धरली.

“अहो, शंभर मोजा,” बायको म्हणाली.

त्यांनी दोनशे मोजले. भरली वाघीण चौकटीखालून अशी सुळकन गेली, जशी फाटकातून पोर निसटावी! मास्तर हसले, अंगठा काढू लागले. निघेना! ओघळलेल्या गोंदानं अंगठा क्रेनला पक्का धरला होता. बटणांखाली अजून ओलाच.

दारावरची घंटा वाजली.

“कापू?” बायकोनं कात्री उचलली.

“काय कापतेस?”

“ते तुम्ही सांगा!”

अध्यक्ष भिंग घेऊन मेजावर वाकले. मास्तर सहज टेकल्यासारखे उभे. अंगठा क्रेनवर, जीव टांगणीला. गाडी एकदा फिरली, दोनदा फिरली.

“मास्तर,” अध्यक्षांचे डोळे भरून आले, “मला लाकडाचा वास येतोय हो! झाली निवड! आणा हात!”

“डावा चालेल?”

“छे! शुभकामाला डावा हात कसला!”

आणि त्यांनी मास्तरांचा उजवा हात खसकन ओढला. क्रेन उठली, बटणं उठली, आणि बटणांखालचा सगळा गोंद अध्यक्षांच्या तळव्यात बसला. दोघं ओढतायत, क्रेन मधे!

“थांबा! थांबा!” मेहुणा बंदरावरच्या आवाजात ओरडला. “भार दोन्ही बाजूंनी सारखा घ्या!”

चिटणिसांनी शांतपणे वही उघडली आणि लिहिलं: ‘क्रेनची पकड: उत्तम. निवड: अध्यक्ष सुटल्यावर.’