देवपुजारीकाकांचा म्हातारा

देवपुजारीकाका कुणाच्याही घरी पहिल्यांदा आले की चपला काढतात, देवाला नमस्कार करतात आणि खिशातून गोल्फचा चेंडू काढून हॉलच्या मधोमध फरशीवर ठेवतात. चेंडू क्षणभर विचार करतो आणि हळूहळू सोफ्याच्या दिशेनं निघतो. सगळे बघत राहतात. "सोफ्याकडे उतार आहे," काका जाहीर करतात. "घर छान आहे. पण पाणी कुठं जाईल ते लक्षात ठेवा."

अमेरिकेत पार्सिपनीला आम्ही घर घेतलं तेव्हा वास्तुशांतीला ते असेच आले. त्यांचा चेंडू घरंगळत जाऊन थेट कलशाला टेकला. पूजा सांगणाऱ्या गुरुजींचं लक्ष पोथीत होतं. त्यांनी न बघता चेंडूलाही हळदकुंकू वाहिलं. आम्ही हसू दाबत होतो. काका मात्र गंभीरपणे माझ्या नवऱ्याला, निखिलला म्हणाले, "पाहिलं? ईशान्येला उतार. शास्त्राला धरून आहे बाप्पा!"

काका मूळचे नागपूरचे, सिव्हिल इंजिनिअर. इथली सगळी नोकरी त्यांनी रस्त्यांच्या कडेची गटारं डिझाइन करण्यात घालवली. आम्ही आलो तेव्हा ते रिटायर झालेले होते आणि एकटेच राहत होते. काकू आधीच गेल्या होत्या. त्यांच्याबद्दल काका बोलत नसत. बोलत ते फक्त म्हाताऱ्याबद्दल.

"आमचा म्हातारा म्हणायचा..." अशी त्यांची निम्मी वाक्यं सुरू होत. मला वाटलं, वडील. एकदा मी आदरानं विचारलंसुद्धा, "तुमचे वडील गोल्फ खेळायचे का हो?"

"वडील? वडील पोस्टात होते!" काका म्हणाले. "म्हातारा म्हणजे एक स्कॉट, स्कॉटलंडचा माणूस. आपलं गावाबाहेरचं पब्लिक गोल्फ कोर्स कोणी आखलं? त्यानं."

हा स्कॉट म्हणे गोल्फ अमेरिकेत कुणाला माहीतही नव्हता त्या काळात स्कॉटलंडहून बोटीनं आला. सोबत लाकडी काठ्यांची एक पेटी. काठ्या स्वतः तासायचा, चेंडू स्वतः बनवायचा, खेळायचाही उत्तम. काकांनी त्याला कधी पाहिलेलंही नव्हतं आणि त्याच्या खेळाशी त्यांना घेणंदेणंही नव्हतं. ते त्याच्या कोर्स आखण्यावर फिदा होते.

नवीन आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला काका तिथं चालवत नेत. खेळणारे लोक मागून ओरडायचे, काका हात हलवून त्यांना हॅलो करायचे. "हा वाळूचा खड्डा बघून राहिले ना तुम्ही? याला बंकर म्हणतात. हे कोणी शोधलं? मेंढ्यांनी! तिकडं समुद्रकाठी वारा असा सुटतो की मेंढ्या आडोशाला अंग चोरून बसत. बसून बसून गवत गेलं, वाळू उघडी पडली. माणसं म्हणाली, वा, चेंडू अडकवायला बरी जागा आहे! मेंढ्यांनी डिझाइन केलेला खेळ आहे हा. इंजिनिअर नंतर आले."

मग म्हाताऱ्याची पद्धत. ना बुलडोझर, ना नकाशा. काखेत खुंट्यांची मोळी घेऊन तो दिवसभर माळावर नुसता चालायचा. चेंडू जिथून मारायचा तिथं एक खुंटी, जिथं खड्ड्यात, म्हणजे होलमध्ये, घालायचा तिथं दुसरी. "जमीन काय म्हणून राहिली ते ऐकायचा. आणि पहिला होल सोपा ठेवायचा. काहून? माणूस घरून भांडून आलेला असतो. त्याला पहिल्याच होलला रडवू नये!"

कोर्सवर त्या स्कॉटच्या नावाची पाटीसुद्धा नाही. मी तसं म्हटलं, तर काका म्हणाले, "नाव गेलं. उतार आहेत ना."

निखिल काकांना जरा टाळायचा. त्यांची गाडी दिसली की "यार, म्हाताऱ्याचा म्हातारा आला," म्हणून वर पळायचा. मी चहा टाकायची. इतकंच आमचं नातं होतं.

मग माझे बाबा आले. आई गेल्यानंतर कराडच्या घरात ते एकटे होते, म्हणून मी सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं. बाबांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. त्यांना अमेरिकेचे सगळे डोंगर पाठ होते, पण अमेरिका मुळीच आवडली नाही. आणि त्यातच त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. सौम्य होता, बोलणं शाबूत राहिलं. डावा पाय मात्र ओढावा लागायचा.

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर ते मागच्या खिडकीपाशी खुर्चीत बसले ते बसलेच. व्यायाम शिकवायला थेरपिस्ट यायची. बाबा तिच्याशी बोलत नसत. "भिंत धरून चालायला मी बालवाडीत आहे का?" मला म्हणत. आणि दुसरं वाक्य, "मला कराडला पाठव." डॉक्टर म्हणाले होते, आधी आपल्या पायांनी चालू द्या, मग प्रवासाचं बोला. बाबा चालायला तयार नव्हते. इथंच बसून राहिले तर काय, या विचारानं मी किचनमध्ये नळ सोडून रडून घ्यायची.

अशा दिवसांत काका आले. बाबांना दाखवायला पुन्हा चेंडू टाकून झाला, खुर्ची ओढून बाबांशेजारी बसले, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या मागच्या लॉनला पश्चिमेला उतार आहे."

बाबांनी मान वळवली नाही. बाहेर बघतच म्हणाले, "पूर्वेला."

"पश्चिमेला हो. मी तीस वर्षं गटारं बांधली!"

"आणि मी मुलांना समोच्च रेषा शिकवल्या. पावसाचं पाणी रोज इथूनच बघतोय. पूर्वेला."

"लावता पैज? चला बाहेर."

बाबा उठले. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं काका. दारातच ते दमले, पण तिथं उभं राहून त्यांनी काकांनी सोडलेला चेंडू जाताना बघितला. तो पूर्वेला गेला. काकांनी कपाळाला हात लावला. आजही मला खात्री नाही, काका खरंच चुकले होते की मुद्दाम तसं म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका खुंट्यांची मोळी आणि फावडं घेऊन हजर. "पोरी, स्टीलच्या वाट्या आहेत?" माझ्या लग्नातल्या आमटीच्या वाट्या त्यांनी लॉनमध्ये पुरल्या. निखिल धावत आला. "काका, लॉन!" त्या लॉनवर त्याचा फार जीव. काका म्हणाले, "लॉन परत येते राजा."

नऊ वाट्या, नऊ होल. पहिला असा, की काकांच्या गोल्फच्या काठीनं चेंडूला नुसता स्पर्श केला की तो आपोआप वाटीत. बाबांनी एका हातानं काठी टेकवली, चेंडू टण्णकन वाटीत पडला. बाबांनी तोंड फिरवलं, पण हसू मला दिसलंच. दुसरी वाटी तिथून चार पावलांवर. तिसरीपाशी खुर्ची आणि समोर आमचं एकुलतं एक मेपलचं झाड. "दमला माणूस, की त्याला काहीतरी बघायला द्यावं," काका म्हणाले. "आमचा म्हातारा तसंच करायचा."

काका रोज यायचे. भांडण रोज व्हायचं. गोदावरी मोठी की वैनगंगा, संत्री कुठली गोड, गुळाची ढेप कुठली. भांडता भांडता बाबा वाटीपर्यंत पोचलेले असत. पायाकडे बघायला त्यांना सवडच नसे.

एक दिवस बाबा मला हळूच म्हणाले, "हा माणूस मला फसवतोय. मी उठायच्या आत येतो आणि खुंट्या थोड्या थोड्या लांब करतो."

"मग सांगा ना त्यांना."

"कशाला? वाटू दे त्याला, मला कळत नाही म्हणून."

पानं लाल झाली तोवर बाबा नऊच्या नऊ होल एकटे करून चहाला आत येऊ लागले. एअरपोर्टवर त्यांनी व्हीलचेअर नाकारली. काका सोडायला आले नाहीत. "तिथं सगळं सपाट असतं. आपल्याला नाही जमत," म्हणाले.

बाबा सुखरूप कराडला पोचले. चौकापर्यंत जाऊन स्वतः भाजी आणली, असा फोन आला. त्या शनिवारी मी पुरणपोळ्या केल्या आणि काकांकडे गेले. इतक्या वर्षांत त्यांच्या घरी मी कधी गेलेच नव्हते. बेल वाजवली, कुणी आलं नाही. म्हणून बाजूनं मागच्या अंगणात गेले.

काका गुडघ्यावर बसून वाट्यांतली पानं काढत होते. तिथं नऊ वाट्या पुरलेल्या होत्या. खुंट्या उन्हापावसानं करड्या पडलेल्या. तिसऱ्या वाटीपाशी एक वेताची खुर्ची, पायावर टाकायची शाल तिच्या पाठीवर घडी करून ठेवलेली.

मला बघून ते दचकले. मग उठले, हात झटकले.

"हिलाही मास्तरांसारखंच झालं होतं," म्हणाले. "तिसऱ्यापर्यंत यायची. चौथा मी जरा चढावर ठेवला होता. म्हटलं, पुढच्या महिन्यात जमेल तिला." खुर्चीवरची शाल सारखी करत म्हणाले, "तुमच्याकडे चौथा मी खाली घेतला. तेवढाच फरक. बाकी सगळं हेच आहे." आणि मग, जणू मीच त्यांना काहीतरी दिलं होतं अशा आवाजात, "मास्तरांनी नऊच्या नऊ केले. म्हणजे कोर्स बरोबर होता, पोरी."

पोळ्यांचा डबा मी पायरीवर ठेवला आणि म्हटलं, "काका, मी खेळू? चौथ्यापासून?"

"छे, छे. मधून सुरू करत नसतात. पहिल्यापासून."

त्यांनी घरातून एक हलकी, आखूड काठी आणून दिली. मूठ कापडानं गुंडाळलेली होती. मला धड धरताही येत नव्हती. पहिला झाला, दुसरा झाला, तिसऱ्यापाशी आम्ही क्षणभर थांबलो. मग चढ लागला. मी धडधाकट बाई, तो चढ तो काय! पण शेजारून चालताना काकांचा हात माझ्या पाठीमागे होता. टेकलेला नाही, वीतभर अंतरावर, पडणाऱ्याला सावरायला धरतात तसा. त्यांना ते माहीत नव्हतं.

मी चढ सावकाश चढले.