कपारीतली पंगत

मेव्हणी योगिनीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, जाताना वाटेत फक्त एक फोटो काढायचा, एवढंच मी ठरवलं होतं. वाशीमच्या आमच्या फोटोग्राफी ग्रुपची स्पर्धा होती. विषय : निसर्गातल्या अरुंद जागा. मोबाईलवर एका तज्ज्ञानं सांगितलं होतं, अरुंद जागा आत शिरूनच टिपावी. (तज्ज्ञ काडीपैलवान होता, हे तेव्हाच बघायला हवं होतं.)

मेडशीच्या अलीकडे खडकात एक कपार दिसली. गाडी थांबवली, श्वास ओढला आणि आडवा शिरलो. फोटो झकास आला. समाधानानं श्वास सोडला आणि तिथंच अडकलो.

"अवो, निघा ना! योगिनी तयार होऊन बसली अशीन," बाहेरून साधना, म्हणजे आमची बायको.

"निघताच येऊन नाही राह्यलं."

"मंग शिरले काहून?"

मी मोबाईल वर करून फोटो दाखवला. तेवढ्यात मागून गवताचा भारा घेऊन तिथलीच कुणी मोतीबाई आली. "भाऊ, सरका जरा. मले रोज इथूनच जा लागते." माझ्याकडे बघून ती वळसा घालून गेली.

आता अडचण अशी, की आमच्या सासुरवाडीत थोरल्या जावयानं पहिला घास घेतल्याशिवाय पंगत जेवत नाही. (या मानाचा मला एरवी भारी तोरा.) साक्षगंध उरकलं, पत्रावळ्या मांडल्या, पाहुणे उपाशी. साधनाच्या फोनवर योगिनी रडत होती. नवरदेवाचे काका मागं गरजत होते, "ज्यायले एक जवाई सांभाळता येत नाही, त्यायची पोरगी कायले करावी? उठा, चाला!"

शेवटी सासरे जगदेवराव ताट घेऊन कपारीशीच हजर झाले. सोबत सासूबाई तुळसाबाई, आणि मोबाईल रोखून मेव्हणा शिवम, तोही आमच्याच फोटोग्राफी ग्रुपातला. मी पहिला घास घेतला. सासऱ्यांनी फोनवर आरोळी ठोकली, "घेतला घास! वाढा!" सोयरीक वाचली. माझे डोळे भरून आले.

इथं थांबायला हरकत नव्हती. पण जावई आणि एका घासावर?

"जवाईबापू, एक बुंदीचा लाडू. माह्या हातचा हाय."

"आई, पोट दगडाले टेकून राह्यलं!"

"टेकू द्या. मानाले नाही म्हनू नये."

हात वर अडकलेले, तोंड मोकळं. सासूबाई भरवत गेल्या, मी रुतत गेलो. साधना कपाळाला हात लावून बसली. जगदेवरावांनी निकाल दिला, "आता जिरल्यावरच निघतीन."

दिवस मावळता मावळता जिरलं. सासऱ्यांनी आणि शिवमनं ओढून काढलं. शर्ट कपारीतच राहिला. मांडवात मानाचा शेला मी बनियनवर घेतला आणि नवरदेवाच्या काकांनी माझ्यासोबत आनंदानं सेल्फी काढली.

परवा स्पर्धेचा निकाल लागला. माझा फोटो बाद : 'जागा अजिबात अरुंद वाटत नाही.' पहिला नंबर शिवमचा. फोटोत मी, कपार आणि लाडू. खाली परीक्षकांचा शेरा होता : 'मुळात ऐसपैस असलेली जागा, योग्य आकाराची वस्तू ठेवून कौशल्यानं अरुंद भासवली आहे.'